गर्दीचे वेळापत्रक

सरकारी दवाखान्यातल्या गर्दीबद्दल आपल्याकडे दोन मते ठरलेली आहेत. माणसेच फार झाली, कोण काय करणार, हे एक. आणि डॉक्टर जागेवर नसतात, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही मते मांडून झाली तरी केसपेपरच्या खिडकीपुढची रांग होती तेवढीच राहते. रुग्णालयांच्या नोंदवह्या चाळून त्यांतून हिशेब मांडायचे काम करता करता माझे मत तिसऱ्याच बाजूला झुकत गेले. या गर्दीचा बराच भाग रोगराईने आणलेला नसतो. तो आपण आखलेल्या, किंवा कुणी न आखताच पडून गेलेल्या, वेळापत्रकातून तयार होतो. जे वेळापत्रकातून तयार होते ते वेळापत्रक बदलून कमी करता येते, निदान मोजता तरी येते. रुग्णालयात गणिताचे काम सुरू होते ते इथे.

परभणीचेच घ्या. नऊ तालुक्यांचा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार लोकवस्ती. जिंतूर, गंगाखेड चाळीसेक किलोमीटरवर. पालम, सोनपेठ आणखी आडबाजूला. तिकडून निघालेली सकाळची एस्टी स्टँडला लागते आणि माणसे तिथून सरळ दवाखान्याची वाट धरतात. त्यामुळे ओपीडी दुपारपर्यंत चालू असली तरी रांग उभी राहते ती पहिल्या दीड-दोन तासांत. मग तीच माणसे डॉक्टरच्या दारात, तिथून रक्त तपासणीला, तिथून एक्स-रेला, शेवटी औषधाच्या खिडकीवर. बाराच्या सुमाराला केसपेपरची खिडकी ओस पडलेली असते आणि औषधवाटपापुढे पाय ठेवायला जागा नसते. पाहणाऱ्याला वाटते गर्दी ओसरली; ती फक्त पुढच्या खोलीत गेलेली असते. रिपोर्ट यायला दुपार उलटली तर परतीची गाडी चुकेल म्हणून माणूस तसाच गावी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. वहीत मात्र हे दोन रुग्ण होतात. एकाच दुखण्याचे दोन आकडे करणारी ही रीत बघितली की वार्षिक अहवालातल्या वाढत्या आकड्यांकडे जरा जपून बघावेसे वाटते.

आपले नियोजन चालते सरासरीवर. वर्षाचे रुग्ण भागिले कामाचे दिवस, त्याला भागिले डॉक्टर, आणि उत्तर बसले की काम झाले. रांग मात्र सरासरीला विचारत नाही. समजा एका डॉक्टरला एक रुग्ण तपासायला सरासरी तीन मिनिटे लागतात, म्हणजे तासाला वीस रुग्ण. माणसे आपापल्या लहरीने येतात, तपासणीला कुणाला एक मिनिट लागते तर कुणाला आठ. अशा स्थितीत तासाला १६ रुग्ण येत असतील तर नंबर लागेपर्यंत सरासरी १२ मिनिटे थांबावे लागते. १८ येऊ लागले की २७ मिनिटे. आणि १९ झाले की ५७ मिनिटे. तासाला एकच माणूस वाढला, आणि प्रत्येकाचे थांबणे दुपटीहून अधिक झाले. डॉक्टर तोच, तेवढाच राबणारा. कागदावर त्याच्याकडे अजून एका रुग्णाची जागा शिल्लकसुद्धा आहे. असे होते कारण रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही. सव्वानऊला समोर कुणी नव्हते म्हणून वाया गेलेली चार मिनिटे अकरा वाजता परत मिळत नाहीत. प्रत्यक्षातली ओपीडी काही तासांतच संपते, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे उतरत नाहीत, पण वळण हेच असते: भार पूर्ण क्षमतेच्या जवळ सरकला की रांग हळूहळू वाढत नाही, एकदम उसळते. हे गणित दवाखान्यासाठी जन्मलेले नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ साली ते फोनच्या तारांसाठी मांडले. किती तारा टाकल्या म्हणजे बोलणाऱ्याला लाइन व्यस्त मिळणार नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खाट आणि तार यांत हिशेबापुरता फरक नाही.

खाटांचेच सविस्तर बघू, कारण हाल सर्वांत जास्त तिथे दिसतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून दाखवलेला एक साधा नियम आहे. रोज किती येतात याला सरासरी किती दिवस राहतात याने गुणले, की आत एका वेळी सरासरी किती असतात ते निघते. समजा एका प्रसूती विभागात रोज दहा बाळंतपणे होतात आणि बाळंतीण तीन दिवस राहते. तीस खाटा पुरे, असे कुणीही म्हणेल. पण दहांतली दोन सिझेरियन असली तर? २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर तीन आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार धरलेला आहे. तेच दिवस घेतले तर आठ गुणिले तीन म्हणजे चोवीस, आणि दोन गुणिले सात म्हणजे चौदा, मिळून अडतीस. म्हणजे दहांतल्या दोघी एक तृतीयांशाहून जास्त खाटा व्यापतात. नुसत्या बाळंतपणांच्या आकड्यावरून खाटा ठरवणाऱ्याला हे कधी कळतच नाही. बरे, अडतीस खाटा टाकल्या तरी भागते का? बाळंतपणे काही रोज मोजून दहा होत नाहीत. एखाद्या दिवशी सहा, एखाद्या रात्रीत चौदा. हा चढउतार धरला तर अडतीस खाटांचा वॉर्ड पाचांतले दोन दिवस तरी कमी पडतो, आणि त्या दिवशी एका खाटेवर दोघी नाहीतर खाली गादी. कमी पडण्याचा प्रसंग वीस दिवसांतून एखाद्यावर आणायचा असेल तर सुमारे ४८ खाटा लागतात. या वरच्या दहा खाटा सरासरीच्या भाषेत रिकाम्या असतात. वरून तपासणीला आलेला अधिकारी त्यांकडे बोट दाखवून विचारतो, या मोकळ्या का? वैद्यकीय महाविद्यालयांचे निकषसुद्धा खाटा किती भरल्या याच्याकडे बघतात. मोकळी खाट हा गुन्हा आणि एका खाटेवर दोघी हे दुर्दैव, अशी आपली समजूत आहे. माझ्या मते ती नेमकी उलटी आहे. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. या अडतीसांचा भार दोन स्वतंत्र वॉर्डांत निम्मा-निम्मा वाटला, आणि एकीकडची मोकळी खाट दुसरीकडच्या बाईला मिळत नसली, तर तेवढ्याच सोयीसाठी चारेक खाटा जास्त लागतात. जंतुसंसर्गाच्या भीतीने काही भिंती ठेवाव्याच लागतात. पण आमच्या वॉर्डची खाट आणि तुमच्या वॉर्डची खाट या हद्दींमागे दर वेळी वैद्यकीय कारण असते असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. चढउतार दोन तऱ्हेचे असतात. एक निसर्गाचा: बाळ केव्हा येणार, साप केव्हा चावणार. दुसरा आपण केलेला. बोस्टनमध्ये युजीन लिटवाक यांनी तिथल्या रुग्णालयांत बघितले तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली: अचानक येणाऱ्या रुग्णांपेक्षा आधी तारीख देऊन बोलावलेल्या रुग्णांच्याच संख्येत दिवसागणिक जास्त चढउतार होता. कारण शस्त्रक्रियांचे दिवस सर्जनच्या सोयीने ठरत. आपल्याकडेही शोधायला लांब जायला नको. दिव्यांग प्रमाणपत्राचा ठरलेला वार, कुटुंबनियोजनाचे शिबिर, भेटीला येणाऱ्या तज्ज्ञाचा दिवस, राउंड उशिरा झाल्याने संध्याकाळी मिळणारी सुटी: या प्रत्येकातून कुठेतरी एक रांग निघते. सकाळी अकराला घरी जाऊ शकणारा रुग्ण कागद न झाल्याने सहाला जातो, तेवढ्या वेळात त्याच खाटेसाठी दुसरा स्ट्रेचरवर थांबलेला असतो. खाट कमी नसते, सही उशिरा असते.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अगदी बारीक आहे. बीपी आणि शुगरच्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या देतात, म्हणजे तीस दिवसांच्या. तिसाला सातने भागले की बाकी दोन उरते. म्हणजे सोमवारी गोळ्या नेलेला माणूस पुढच्या वेळी बुधवारी येणार, मंगळवारचा गुरुवारी, बुधवारचा शुक्रवारी, गुरुवारचा शनिवारी. शनिवारचा येणार सोमवारी. शुक्रवारच्याची पाळी रविवारी येते, ओपीडी बंद असते, म्हणून तोही सोमवारी. मंगळवारी कुणाचीच पाळी येत नाही. आधीच रविवारच्या सुटीने फुगलेला सोमवार आपण स्वतःच्या हाताने आणखी फुगवतो, आणि मग सोमवारी फार गर्दी असते असे म्हणत कपाळाला हात लावतो. माणसे काही तारखा पाळून येत नाहीत हे खरे. कुणी दोन दिवस आधी येतो, कुणी गोळ्या संपून आठवडा झाल्यावर. पण कल तोच राहतो. हीच पाकिटे २८ दिवसांची केली तर मंगळवारचा माणूस कायम मंगळवारी येईल. मग जिंतूरकडच्या गावांना एक वार, पाथरी-मानवतकडच्यांना दुसरा, ज्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी तो वार टाळून किंवा मुद्दाम गाठून, अशी वाटणी करता येईल. यासाठी संगणक लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. मात्र दोन दिवसांच्या गोळ्या कमी का दिल्या, हे पहिल्या महिन्यात प्रत्येक म्हाताऱ्याला नीट समजावून सांगावे लागेल.

दवाखान्याच्या फाटकाबाहेरही हीच गोष्ट लागू पडते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. २०११ च्या लोकसंख्येला त्याने भागले तर सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे एक, म्हणजे परभणीच्या वाट्याला पंधराच्या आसपास. पुन्हा सरासरीच. अत्यवस्थ रुग्ण परभणीहून सत्तरेक किलोमीटरवरच्या नांदेडला रेफर केला की गाडी जायला दीड तास, तिकडे रुग्ण ताब्यात देईपर्यंत अर्धा, यायला दीड. साडेतीन तास तो भाग गाडीविना. म्हणजे एका तज्ज्ञाची रिकामी जागा नुसती एक रुग्ण नांदेडला धाडत नाही, तेवढ्या वेळापुरती एक रुग्णवाहिकाही जिल्ह्याबाहेर नेते. गाड्या किती यापेक्षा त्या कुठे उभ्या करायच्या, एक बाहेर गेली की शेजारची कुठे सरकवायची, गोदावरीला पाणी आले की कोणते रस्ते धरायचे नाहीत, हा खरा प्रश्न आहे आणि तो अंतरांच्या तक्त्यावर सोडवता येतो. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती; उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे आणि मनुष्यबळ यांवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले, ते आवश्यकच होते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या टप्प्यात येतात, असेही रुग्णालयाच्या बाजूने सांगितले गेले. त्या वाक्याकडे बचाव म्हणून बघितले गेले. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ते महत्त्वाचे आहे: नांदेडची खाट हा परभणीच्या नियोजनाचा भाग आहे, आणि परभणीचा निघण्याचा उशीर हा नांदेडच्या. करोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईत महापालिकेच्या २४ विभागांत वॉर रूम उघडून खाटांची माहिती एकत्र आणली गेली. संकटात जे मुंबईला जमले ते एरवी दोन शेजारी जिल्ह्यांना जमू नये, याला कारण सापडत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जागा रिकाम्या आहेत, आधी त्या भरा, मग गणिते सांगा. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. गणिताचा वापर टंचाई झाकायला होऊ शकतो. आहे त्यात भागवा, असे सांगायला वरच्यांना एक सुबक तक्ता मिळतो. पण टंचाई सिद्ध करायलाही तेच गणित लागते. एका ठिकाणी चोवीस तास एक सिस्टर हवी, तर पदे किती मंजूर करायची? तीन पाळ्या म्हणून तीन, असे उत्तर अनेक जण देतात. वर्षाच्या पाळ्या १०९५. एका सिस्टरच्या साप्ताहिक सुट्ट्या ५२, सणावाराच्या चोवीसेक, अर्जित रजा ३०, किरकोळ ८. म्हणजे ती कामावर असते २५१ दिवस. १०९५ ला २५१ ने भागा: चारच्या वर, साडेचारच्या जवळ. नाइट ऑफ, बाळंतपणाची रजा, निवडणुकीची कामे यात धरलीच नाहीत. तीन पदांवर चालवलेल्या वॉर्डात उरलेले जवळजवळ दीड माणूस कुणाच्या तरी रद्द झालेल्या सुटीतून येते. हे मोर्चात घोषणा म्हणून सांगण्यापेक्षा भागाकार म्हणून सांगितले तर वित्त विभागाला ते खोडणे अवघड जाते. आणि समजा सगळी पदे भरली, तरी तीस दिवसांच्या गोळ्यांचा सोमवार तसाच राहील.

दुसरा आक्षेप: वेळ देऊन बोलावणे शहरांत चालते, आपल्याकडे माणूस एस्टीच्या वेळेने येतो. बरोबर आहे, म्हणून तर एस्टीचे वेळापत्रक हाताशी घेऊन बसावे. नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास करून सांगितले होते की सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढे एकेकाला तपासणीच्या सरासरी वेळेच्या अंतराने. म्हणजे डॉक्टर फार वेळ रिकामा बसत नाही आणि रुग्णही खोळंबत नाहीत. मिनिटांचे ते अंतर परभणीत उपयोगाचे नाही. त्यामागचा विचार मात्र उपयोगाचा आहे: डॉक्टरची पाच मिनिटे वाचवायला पन्नास जणांचा अर्धा दिवस खर्च करायचा का, हे कुणीतरी उघडपणे ठरवले पाहिजे. आज ते न ठरवता ठरते, आणि दर वेळी रोजंदारी बुडवून आलेल्याच्या विरुद्ध ठरते. रुग्णाची वेळ बदलता येत नसेल तर आपली बदलावी. पहिल्या दोन तासांना केसपेपरची जादा खिडकी, बारानंतर तोच माणूस औषधवाटपाला. जुन्या रुग्णांना दुपारची ओपीडी. लांबच्या गावच्यांचे रक्त आधी घेणे म्हणजे त्यांना रिपोर्ट हातात घेऊन गाडी गाठता येईल. मोबाइलवर क्यूआर स्कॅन करून नोंदणी करण्याची सोय आली आहे, ती चांगलीच आहे. पण नातू सोबत नसलेल्या आजीसाठी खिडकी उघडी लागणारच.

माणूस म्हणजे आकडा नव्हे, हे तिसरे म्हणणे. ते कुणी नाकारत नाही. आज संध्याकाळी सोनपेठच्या कुठल्या शेतात कुणाला साप चावेल हे कोणतेही सूत्र सांगणार नाही. पण पावसाळ्यात एकाच संध्याकाळी दोन सर्पदंश येण्याची शक्यता किती, हे मागच्या पाच वर्षांच्या वहीतून काढता येते. प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेलाच आठ-दहा व्हायल लागतात, म्हणजे कपाटात दहा ठेवून भागणार नाही हेही त्यातूनच कळते. आकड्यांचा धोका निराळ्या बाजूने येतो. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातल्या रुग्णाला चार तासांच्या आत दाखल करायचा किंवा घरी पाठवायचा नियम केला, तर चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत दाखल होणाऱ्यांची संख्या एकदम वर गेलेली दिसू लागली. घड्याळ सांभाळले गेले. रुग्ण सांभाळला गेला की नाही हा वेगळा प्रश्न. वेळेची नोंद सिस्टरला मेमो द्यायला वापरली तर वह्यांत सोयीच्या वेळा भरल्या जातील, आणि त्यांवर केलेले गणित जुन्या अंदाजापेक्षा वाईट ठरेल. म्हणून पहिले वर्षभर या नोंदींवरून कुणालाही जाब विचारायचा नाही, असा लेखी आदेश आधी निघावा; मोजणी नंतर.

आत्ताच हे म्हणण्याला कारण आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्याच वर्षी परभणीत शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय जसजसे भरत जाईल, विषयतज्ज्ञ येतील, तसतशी नांदेडची आणि छत्रपती संभाजीनगरची वाट धरणारी माणसे इथेच थांबू लागतील. कोणते रुग्ण थांबतील, किती दिवस राहतील, कोणत्या विभागावर आधी ताण येईल, हे बदलाच्या आधीच्या नोंदी असतील तरच कळेल. नव्या इमारतींचे नकाशे एकदाच निघतात. त्यांत प्रसूतीच्या खाटा तीस धरायच्या की अठ्ठेचाळीस, हे त्या वेळी टेबलावर कोणता आकडा होता त्यावर ठरते.

आणि ओपीडीच्या रांगेसाठी तर असा आकडा बहुतेक ठिकाणी नसतोच, याचे कारण फार साधे आहे. ओपीडीच्या वहीत अनुक्रमांक असतो, तारीख असते, नाव, वय, गाव, निदान, औषध सगळे असते. वेळ नसते. माणूस खिडकीवर केव्हा आला आणि डॉक्टरसमोर केव्हा बसला, या दोन वेळा लिहिल्या तर वर मांडलेली रांगेची गणिते कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतात. नवी वही छापायला टाकण्याआधी तारखेच्या शेजारी हे दोन रकाने आखून घ्यावेत, एवढीच विनंती आहे.